आत्याच्या नावाने स्कॉलरशिप काढायची तर ती कुणाला द्यायची?

आत्याचा पहिला स्मृतिदिन जवळ आला तसं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू झालं की तिच्या नावाने काय करायचं. विहारात पंखे, शाळेत वह्या, गेला बाजार भोजनदान तरी, हे नेहमीचं सगळं येऊन गेलं. मग माझ्या चुलतभावाने, जो एरवी ग्रुपवर फक्त अंगठे देतो, एकदम एक स्क्रीनशॉट टाकला. अमेरिकेत साइन लँग्वेज, म्हणजे बहिऱ्यांच्या खुणांची भाषा, तिचे इंटरप्रीटर व्हायला शिकणाऱ्या ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिप, गेलेल्या कुणा इंटरप्रीटर बाईंच्या स्मरणार्थ. खाली एवढंच, "आत्यासाठी हेच करूया."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, मग दादाचा मेसेज आला. "फक्त ब्लॅकच का पण? इंटरप्रीटर म्हणजे मधला माणूस, इकडचं तिकडे सांगणार, त्याचा रंग कशाला बघायचा?"

प्रश्न रास्त आहे, उगाच चिडण्यासारखं त्यात काही नाही. पण मला तो असा काही लागला की पुढचे कित्येक दिवस ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये मी याच विषयावर वाचत होते, आणि आता ते सगळं कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय सुटका नाही म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

आत्या कोण हे आधी सांगायला हवं. माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जन्मापासून बहिरे. आत्या त्यांच्यापेक्षा मोठी, त्यामुळे आजी कामावर गेली की त्यांना सांभाळायला तीच, आणि त्या दोघांनी मिळून घरातल्या घरात स्वतःच्या खुणा तयार केलेल्या. काका पुढे भायखळ्याला प्रेसमध्ये बाइंडिंगला लागले. (प्रेसमध्ये बहिरी माणसं पूर्वी खूप असायची, अमेरिकेतही तेच होतं म्हणे, मशीनच्या आवाजाचा त्यांना काय त्रास.) विक्रोळी ते भायखळा लोकलच्या हँडिकॅपच्या डब्यात त्यांना त्यांच्यासारखे मित्र भेटले आणि खरी, अख्खी साइन लँग्वेज ते तिथे शिकले, शाळेत नाही. शाळेत तर हात हलवला की पट्टी बसायची. मुंबईतल्या बहिऱ्या लोकांसाठी तो डबा म्हणजे क्लबच, ठरलेली गाडी पकडतात, गप्पा संपल्या नाहीत म्हणून आपलं स्टेशन सोडून पुढे जातात, परदेशातल्या संशोधकांनी यावर अभ्यास करून लिहिलंय सुद्धा. तर काकांनी डब्यात शिकलेलं सगळं घरी येऊन आत्याला शिकवलं, आणि ती पालिकेच्या शाळेतली मास्तरीण संध्याकाळी अख्ख्या एरियातल्या बहिऱ्यांची इंटरप्रीटर झाली. बँकेत खातं उघडायचंय, आत्या. मुलीचं लग्न ठरवायचंय, आत्या. पोलीस स्टेशनला बोलावलंय, आत्या. आयुष्यभर या कामाचे तिला मिळाले ते चहा.

आणि तिला त्याचं ओझंही व्हायचं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये काकांच्या मित्राला घेऊन गेली होती, डॉक्टर पेशंटकडे न बघता हिच्याकडेच बघून बोलत राहिले, त्याला कॅन्सर आहे हे त्याच्याआधी हिला कळलं आणि मग ते आपल्याच हातांनी त्याला सांगायचं होतं. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. शिकलेल्या इंटरप्रीटरलाही हे चुकत नाही, पण अशा वेळी काय करायचं, डॉक्टरला "पेशंटशी बोला" असं कसं सांगायचं, ऐकलेलं स्वतःच्या अंगावर किती घ्यायचं, हे त्यांना निदान शिकवतात तरी. आत्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता अमेरिका. तिकडे बहिऱ्या मुलांची पहिली कायमची शाळा १८१७ साली हार्टफर्डला निघाली, अमेरिकन साइन लँग्वेज तिथून फोफावली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना अशा शाळांचे दरवाजे बंद. यादवी युद्धानंतर नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात त्यांच्यासाठी पहिली वेगळी शाळा निघाली, मग इतर राज्यांतही निघत गेल्या. वेगळ्या म्हणजे कशा ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पैसा कमी, शिक्षक कमी, पुस्तकं जुनी.

आणि इथे एक गंमत झाली, गंमत म्हणायची की काय म्हणायचं माहीत नाही. १८८० मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्यांना शिकवणाऱ्यांची जागतिक परिषद भरली आणि त्यात ठरलं की खुणा बंद, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवायचं. (काकांच्या हातावर बसलेली पट्टी पार तिथून आलेली. तो ठराव चुकीचा होता असं अशाच परिषदेने म्हटलं ते थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला, तोपर्यंत काका रिटायर व्हायला आले होते.) गोऱ्यांच्या शाळांनी हे नवं फॅड लगेच उचललं. काळ्यांच्या शाळांवर एवढा खर्च आणि एवढी मेहनत कोण घेणार, तिथे मुलं आणि शिक्षक खुणांनी बोलतच राहिले. म्हणजे कुणी लक्ष दिलं नाही म्हणून भाषा टिकली. त्यातून जी घडली तिला आज ब्लॅक अमेरिकन साइन लँग्वेज म्हणतात, गोरे लोक जिथे एक हात वापरतात तिथे हे बरेचदा दोन वापरतात, हात जास्त मोकळे, मोठे फिरतात, आणि कपाळापाशी करायच्या काही खुणा ज्या इतरांच्या हळूहळू खाली सरकल्या त्या यांच्या कपाळापाशीच राहिल्या. आणि वर या लोकांना काय ऐकवलं गेलं, तर तुमची भाषा अशुद्ध आहे. ओळखीचं वाटतंय ना?

कॅरोलिन मॅकॅस्किल म्हणून एक संशोधक आहेत, वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक होत्या, बहिऱ्यांची जगप्रसिद्ध युनिव्हर्सिटी ती. त्या स्वतः बहिऱ्या आणि ब्लॅक. अलाबामात काळ्या मुलांच्या शाळेत शिकत होत्या, १९६८ मध्ये शाळा एकत्र झाल्या आणि त्या पूर्वीच्या गोऱ्यांच्या शाळेत गेल्या, तर समोर शिक्षक हात हलवतायत आणि यांना काही कळेचना. साइन लँग्वेज येणारी मुलगी, साइन लँग्वेजच्या वर्गात, आणि डोक्यावरून जातंय! मग तिने बाकीच्या मुलांसारखे हात हलवायला शिकून घेतलं आणि आपली भाषा घरच्यांपुरती, मैत्रिणींपुरती ठेवली. पुढे हाच विषय घेऊन त्यांनी संशोधन केलं, २०२० पासून गॅलॉडेटमध्ये ब्लॅक डेफ स्टडीजचं केंद्रच आहे.

त्याच गॅलॉडेटच्या आवारात केंडल नावाची शाळा आहे. तिथे काळी मुलं घेत नव्हते, वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या काळ्या बहिऱ्या मुलांना शेजारच्या राज्यात पाठवायचे. लुईस मिलर नावाच्या आईने कोर्टात केस केली आणि १९५२ मध्ये जिंकली, तर शाळेने काय करावं, त्याच आवारात काळ्या मुलांसाठी वेगळी इमारत बांधली. दोन वर्षांनी ब्राऊन केसचा निकाल आला, रंगावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनेविरुद्ध आहे असा, तेव्हा ते बंद झालं. त्या वेगळ्या इमारतीत शिकलेल्या २४ विद्यार्थ्यांना त्यांची हायस्कूलची सर्टिफिकेटं युनिव्हर्सिटीने दिली २०२३ मध्ये. सत्तर वर्षांनी! काहींच्या वतीने नातवंडं आली होती घ्यायला. आणि शाळा वेगळ्या ठेवण्याचा प्रकार सगळ्यात शेवटी लुइझियानात संपला, १९७८ मध्ये. हे काही फार जुनं नाही हो, आत्या तेव्हा नोकरीला लागलेली होती.

तर दादाच्या प्रश्नाकडे येते. इंटरप्रीटर फक्त मधला माणूस, हे अर्धंच खरं आहे. इंटरप्रीटर "हे म्हणतायत की त्यांना दुखतंय" असं नाही म्हणत, "मला दुखतंय" म्हणतो. बहिऱ्या माणसाच्या वतीने तो "मी" होतो. कोर्टात, ऑफिसात, इंटरव्ह्यूत समोरच्याला त्या बहिऱ्या माणसाचा जो आवाज ऐकू येतो तो इंटरप्रीटरचा, शब्द इंटरप्रीटरचे, तोरा इंटरप्रीटरचा, आणि समोरचा मत बनवतो ते त्यावरून. तिकडे इंटरप्रीटरांमध्ये बहुतेक गोऱ्या बायका. आता एखादी साठीची काळी बाई, दक्षिणेतल्या त्या जुन्या शाळेत शिकलेली, डॉक्टरला काही सांगतेय, तिच्या दोन हातांच्या मोठ्या खुणा बघून "ही चिडलीय" असा अर्थ एखाद्या नवख्या मुलीने लावला तर संपलंच ना.

हे मला पुस्तकी वाटलं असतं, जर काकांच्या बिल्डिंगची मीटिंग बघितली नसती. काकांची खोली पार्कसाइटला, तिथे एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, स्कीम आलीय. आत्या गेल्यावर पहिलीच मोठी मीटिंग, म्हणून आम्ही पैसे देऊन एक इंटरप्रीटर आणली. मुलगी चांगली होती, खुणा स्वच्छ, वेळेवर आली, वागायला नम्र. पण ती चांगल्या सोसायटीत वाढलेली, परिशिष्ट दोन (पात्र-अपात्र रहिवाशांची यादी) म्हणजे काय, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) म्हणजे काय, १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असला की घर फुकट आणि नंतरचा असला की वेगळा हिशोब, पात्र कोण अपात्र कोण यावर शेजाऱ्यांची डोकी का फुटतात, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. त्यात दोष तिचा नाही, तिला कुणी सांगणार कधी? पण दर दोन वाक्यांनी ती थांबून विचारायची, तोवर मीटिंग पुढे गेलेली. आणि काका उठले, तावातावाने हात करून म्हणाले की अरे चाललंय काय, चाळीस वर्षं मी इथे राहतोय, माझं नाव खाली कसं गेलं, तर स्पीकरवर ऐकू आलं, "मला या यादीबाबत एक शंका उपस्थित करायची आहे." आमचे काका! प्रेसमधले! मागून कुणीतरी हसलं पण. आत्या असती तर तिने काकांपेक्षा वरच्या पट्टीत सुनावलं असतं, तेही नियमात बसत नाही म्हणा, इंटरप्रीटरने आपल्या पदरचं घालायचं नसतं. पण काका काय बोलतायत ते कळलं असतं.

दादाने हे वाचून लिहिलं, "मग काय, आता जात बघून इंटरप्रीटर नेमायचे?" नाही रे बाबा. तिकडेही यावरून भांडण झालेलं आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवरच्या एका प्रसिद्ध म्युझिकलचं काम ठरलेल्या गोऱ्या इंटरप्रीटरला सांगितलं गेलं की नट ब्लॅक आहेत तर तू बाजूला हो, तो कोर्टात गेला, प्रकरण आपसात मिटलं. मला विचाराल तर ठरलेलं काम आयत्या वेळी काढून घेणं बरोबर नाही, आणि त्याने प्रश्नही सुटत नाही. पण आयत्या वेळी शोधाशोध का करावी लागते? कारण दहा वर्षं आधी कुणी त्या पोरापोरींच्या फीचा विचार केला नाही म्हणून. स्कॉलरशिप नेमकं ते करते, कुणाच्या तोंडचा घास काढत नाही, पंगत वाढवते.

आणि अडचण पैशाचीच असते बरेचदा. अमेरिकेत इंटरप्रीटरांची संघटना १९६४ मध्ये झाली, त्याआधी हे काम करायचे घरचे लोक, चर्चचे लोक, शाळेतले शिक्षक. म्हणजे आत्याच. मग परीक्षा आल्या, सर्टिफिकेटं आली, आणि २०१२ पासून राष्ट्रीय परीक्षेला बसायचं तर ऐकू येणाऱ्या उमेदवाराला पदवी लागते. काम नीट व्हायला हे चांगलंच आहे, कॅन्सरवाली गोष्ट आठवा. पण काळ्यांच्या चर्चमध्ये रविवारी गाणी आणि प्रवचनं हातांवर घेत घेत शिकलेली, आईबाप बहिरे म्हणून जन्मापासून भाषा येणारी जी मुलगी, तिला आता चार वर्षांची कॉलेजची फी भरायला सांगितली तर ती दुसरी नोकरी धरणार. भाषा येत असून ती बाहेर, आणि पैसे असणारी भाषा नव्याने शिकून आत.

अशीच घरून शिकलेली एक बाई मला फार आवडली, शर्ली चाइल्ड्रेस. आईवडील बहिरे. स्वीट हनी इन द रॉक म्हणून ब्लॅक बायकांचा गाण्याचा ग्रुप आहे, वाद्यांशिवाय गातात, १९७३ पासूनचा. त्यात ही १९८० च्या सुमारास इंटरप्रीटर म्हणून आली आणि कोपऱ्यात उभी नाही राहिली, गाणाऱ्या बायकांच्या ओळीत, ग्रुपची मेंबर म्हणून. २०१७ मध्ये गेली. व्हिडिओ शोधून बघा, गाणं ऐकू न येणाऱ्याला गाण्याचा ठेका कसा दिसतो ते कळतं. काकांना दाखवला तर त्यांनी तीनदा लावायला लावला, ती भाषा त्यांना येत नसून. आपली इंडियन साइन लँग्वेज आणि अमेरिकन पूर्ण वेगळ्या.

आता आपल्याकडे तसंच्या तसं आहे असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडे बहिऱ्यांच्या शाळा कायद्याने जातीवर वेगळ्या केलेल्या नव्हत्या. वेगळं करायला आपल्याकडे फी आहे, अंतर आहे, आडनाव आहे, तेवढं पुरतं. पण त्यांच्याकडचं बघून आपण काही घेणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिकडचे ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि १९७२ मध्ये याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि स्कॉलरशिप काय करते हे तर आमच्या घरात कुणाला समजावायची गरजच नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांनी महिना साडेअकरा पौंड दिले म्हणून बाबासाहेब कोलंबियाला पोचले, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी शिकवतात. दादाला एवढंच लिहिलं तेव्हा तो गप्प झाला. म्हणजे थम्सअप दिला.

मुंबईत शिकायची सोय आहे. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, १९८३ पासूनची, तिथे इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशनचा डिप्लोमा होतो, बारावी लागते, दोन वर्षं. मागणीचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणारे ५० लाखांवर होते, २०१६ च्या कायद्यात साइन लँग्वेजचा उल्लेख आहे, २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकिलांनी सुप्रीम कोर्टात काम चालवलं आणि पुढे कोर्टाने स्वतः इंटरप्रीटर नेमला. काम आहे, माणसं नाहीत. पण मानखुर्दच्या किंवा गोवंडीच्या मुलीला दोन वर्षं रोज बांद्र्याला जायचं तर फीपेक्षा बाकीचंच जास्त. हार्बरने वडाळ्याला जाऊन गाडी बदला, पास काढा, व्हिडिओ असाइनमेंटसाठी बरा कॅमेरावाला फोन लागतो, आणि मुख्य म्हणजे ती बारावीनंतर मॉलमध्ये उभी राहिली असती तर घरात जो पगार आला असता तो दोन वर्षं येणार नाही. त्यामुळे आम्ही ठरवलंय की फी नाही, महिन्याला रोख पैसे द्यायचे, तिच्या खात्यावर, बिलं न मागता. बाबांना हे पटत नाहीये, ते बँकेतून रिटायर झालेत, त्यांना पावती लागते.

अटींवरून अजून मारामारी चालू आहे. फक्त बौद्ध घरातल्याच मुलांना असं एका आत्तेबहिणीचं म्हणणं, वस्तीत राहणारं कुणीही असं माझं, घरात कुणीतरी बहिरं असलेल्यांना आधी प्राधान्य यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मार्कशीट मागायची नाही हेही ठरलं. निवड काका आणि त्यांचे डब्यातले दोन मित्र करणार, इंटरव्ह्यू अख्खा खुणांमध्ये, आम्ही बोलणाऱ्यांनी बाहेर बसायचं. यावर बाबांनी हळूच विचारलं की अरे त्याची दहावी पण झालेली नाही, तो कॉलेजच्या मुलांची परीक्षा घेणार? काका समोरच होते, बाबांचे ओठ त्यांना बरोबर वाचता येतात. त्यांनी उत्तर दिलं, माझ्या मोडक्या खुणांच्या ज्ञानाने सांगते, की उद्या डॉक्टरसमोर माझ्या जागी बोलायला जो बसणार तो तुझी मार्कशीट घेऊन बसणार आहे का.

पहिल्या वर्षी एकच विद्यार्थी झेपेल. अॅडमिशन सुरू होण्याआधी फॉर्म काढतोय, लिहून द्या किंवा खुणांचा व्हिडिओ पाठवा, दोन्ही चालेल. ओळखीत कुणी असेल तर मला कळवा, आणि पावतीशिवाय पैसे कसे द्यायचे हे बाबांना समजावून सांगू शकणारा कुणी सीए असेल तर त्यालाही पाठवा.